अंड्यातला डोळा

दूध केंद्राच्या आवारात त्या गुरुवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दुधाचे कॅन भिंतीकडे सारले होते. दोन माणसं नीट दिसावं म्हणून वजनकाट्यावर चढून उभी होती आणि काटा बिचारा दोघांचं मिळून एकच वजन सांगत होता. मध्ये एक ठिपक्यांची गाय, गायीपुढे पांढरा कोट घातलेले अंडेबाबा आणि बाबांच्या तळहातावर एक अंडं.

"डॉक्टरला तोंड आहे," बाबा गरजले, "म्हणून तो खोटं बोलतो. अंड्याला तोंडच नाही. अंडं खोटं कसं बोलणार?"

"खरंच की!" गर्दी म्हणाली.

या हिशेबाने दगडधोंडेही सत्यवादी ठरतात. पण गर्दीत असा विचार सुचत नाही, आणि सुचलाच तर शेजाऱ्याच्या कोपराखाली चिरडून मरतो.

बाबांनी ते अंडं गायीच्या शिंगांपासून शेपटीपर्यंत तीन वेळा फिरवलं. "निघ निघ, कवचात रिघ," असं काहीबाही पुटपुटले. मग पांढऱ्या थाळीच्या काठावर अंडं टचकन फोडलं. पुढच्या रांगेतली माणसं एकदम मागे सरली आणि मागच्या रांगेच्या पायांवर उभी राहिली.

बलकावर लाल तंतूंचं जाळं पसरलं होतं. जाळ्याच्या मध्यावर एक काळाभोर ठिपका.

"ही रोगाची मुळं," बाबा थाळी फिरवत म्हणाले. "आणि हा रोगाचा डोळा. बघतोय तुमच्याकडे!"

कुणीतरी किंचाळलं. ती माझी धाकटी बहीण होती, कारण गाय तिची होती.

तेवढ्यात गणिताचे मास्तर पुढे घुसले. त्यांनी आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर जाहीर केलं होतं की, "सुईने भोक पाडून आत रंग सोडतो तो लबाड. उद्या भिंग घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर त्याचं कवच फोडतो." आता त्यांनी भिंगाखाली कवचाचा तुकडा न् तुकडा धरून पाहिला. एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला. भोक नव्हतं. मेण नव्हतं. चिकटवलेलं काही नव्हतं.

"सापडलं का, मास्तर?" बाबांनी प्रेमाने विचारलं.

मास्तरांनी भिंग खिशात घातलं. त्या दिवसापासून बाबांचा भाव दुप्पट झाला. लबाडीला विरोध करायला नुसतं धाडस पुरत नाही. लबाडी कुठे आहे हेही माहीत असावं लागतं. नाहीतर आपण हरतो आणि लबाडाला प्रमाणपत्र देऊन घरी येतो.

आमच्याकडे तेव्हा वासरांना हगवण लागली होती. तीन आठवड्यांत नऊ वासरं गेली. चौथं वासरू गेलं त्याच आठवड्यात हे बाबा मोटारसायकलवरून उगवले. मागे टोपली बांधलेली, टोपलीवर घोंगडी. त्यांचं शास्त्र सोपं होतं. दोष वासरात नसतो, गायीत असतो. अंडं गायीवरून फिरवायचं. साधं निघालं तर गाय स्वच्छ. डोळा निघाला तर गाय घरातून बाहेर काढायची. बाहेर म्हणजे बाबांच्या गोठ्यात, आणि बाबांच्या गोठ्यात म्हणजे केंद्रामागे उभ्या असलेल्या त्यांच्या मेव्हण्याच्या ट्रकमध्ये. पाच गायी अशा गेल्या होत्या. पाचही चांगल्या दुधाच्या. रोग मोठा चोखंदळ होता, भाकड गायीकडे ढुंकूनही बघत नव्हता.

धाकटीला हुकूम झाला. "रविवारी सकाळी गाय इथे आणून सोडायची. तोवर वासराला थेंबभर दूध नाही, थेंबभर पाणी नाही. रोगाला उपाशी मारायचं."

रोग उपाशी मरेपर्यंत वासरू टिकणार नव्हतं, हे कळायला बाबा असावं लागत नाही. पण मी बोलायला तोंड उघडलं आणि धाकटीनेच मला गप्प केलं.

"दादा, तू हसू नकोस हं. तुझ्या डॉक्टरीणबाई काय करतात? अंड्यातच रोग बघतात ना? मग बाबांनी बघितला तर तुला का मिरची लागते?"

मी तिथून थेट दवाखान्याची वाट धरली.

मी गुरांच्या दवाखान्यात कोंबड्या सांभाळतो. बारा कोंबड्या, कोंबडा एकही नाही. लोक मला खुराडेमामा म्हणतात. साठी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो ती या कोंबड्यांमुळेच, कारण प्रत्येक अंड्याच्या बोथट टोकावर पेन्सिलीने तारीख आणि कोंबडीची खूण घालावी लागते, आणि ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. बाईंची अंडी आम्ही खात नाही. त्यांतून त्या काहीतरी काढतात आणि त्यावरून गुरांचे आजार ओळखतात. एवढं मला ठाऊक होतं. कसं ओळखतात हे सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आपल्या भाकरीशी ज्याचा संबंध आहे त्याबद्दल माणूस सहसा प्रश्न विचारत नाही.

त्या दुपारी विचारलं.

"बाई, तुमच्या अंड्यात आणि अंडेबाबाच्या अंड्यात फरक काय?"

बाई खुर्चीतून वळल्या. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "मामा, सहा वर्षं वाट बघत होते तुम्ही कधी विचारताय याची. बसा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. हगवणीचा जंतू मारून, निरुपद्रवी करून कोंबडीला टोचायचा. कोंबडी आजारी पडत नाही, पण तिचं अंग त्या जंतूला ओळखायला शिकतं. त्या जंतूला नेमकं धरणारे अतिसूक्ष्म चिमटे तिच्या रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. कोंबडी आई आहे. हे चिमटे ती स्वतःपुरते ठेवत नाही, बलकात भरते, पुढे होणाऱ्या पिल्लासाठी.

"लेकराला शिदोरी," मी म्हणालो.

"अगदी तसंच. ती शिदोरी आपण बलकातून काढून घेतो. कोंबडीचं रक्त काढायला नको, तिला दुखवायला नको. मग ते चिमटे या निळ्या मण्यांवर चिकटवायचे." त्यांनी एक बाटली हलवली. मणी इतके बारीक की नुसतं निळं दूध वाटावं. "वासराचं शेण पाण्यात कालवून, गाळून त्याचा एक थेंब घ्यायचा आणि यात मिसळायचा. जंतू असेल तर चिमटे त्याला पकडतात आणि मणी एकमेकांना धरून गोळा होतात. नसेल तर निळं आहे तसंच राहतं. फरक विचारलात ना? बाबाचं अंडं गायीला नुसतं शिवतं. आपल्या अंड्याला आधी त्या रोगाची ओळख करून द्यावी लागते."

मी धाकटीच्या गोठ्यातून वासराचं शेण डबीत घालून आणलं. बाईंनी पांढऱ्या कागदावर थेंब मिसळला, कागद हातात धरून हलकेच डोलवला. दोन मिनिटांत निळ्या दुधाचा रवा झाला. वासराला हगवणीच्या जंतूने धरलं होतं. गायीत काही दोष नव्हता. वासराला वेगळं ठेवायचं, जागा कोरडी, स्वच्छ ठेवायची, थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, आणि आईचं दूध तोडायचं नाही.

मी तो कागद घेऊन धाकटीकडे गेलो.

"हे काय?" ती म्हणाली. "निळा रवा? बाबांच्या अंड्यात डोळा होता, दादा. डोळा! मी या डोळ्यांनी बघितला."

"अगं, पण वासरू सुकत चाललंय. पाणी तरी पाज."

"बाबांनी नाही म्हटलंय. काही बरंवाईट झालं तर तू भरून देणार आहेस?"

वासरू कोपऱ्यात पडलं होतं. डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागच्या जागी उभी राहत होती. रविवार तीन दिवसांवर होता. मी दवाखान्यात परत गेलो, बाईंशी बोललो आणि दोन तपकिरी बाटल्या घेऊन आलो. एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पाणीदार औषध'. दुसरीवर, 'पांढरं औषध'.

"बाबांनी दूध आणि पाणी बंद केलंय," मी म्हणालो. "औषधाबद्दल काही बोलले का?"

"नाही," धाकटी सावकाश म्हणाली.

"मग झालं तर."

तिने पांढऱ्या औषधाचं बूच काढून वास घेतला.

"दादा, या औषधाला आपल्या ठिपकीचा वास येतोय."

"येणारच. तिच्याच वासराचं औषध आहे."

बाटली तिने स्वतःच्या हाताने वासराच्या तोंडाला लावली, आणि संध्याकाळी रिकाम्या बाटल्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "औषध संपलं. ते पांढरं मी इथेच भरून घेतलं तर चालेल का?"

वासराचं भागलं. गायीचं अजून बाकी होतं.

गोठ्याच्या दाराला एक कागदाची पुडी टांगली होती. बाबांनी रोग 'बांधून' दिला होता म्हणे. मी पुडी सोडली. आत त्याच अंड्याचं कवच होतं. मास्तरांनी ते बाहेरून पाहिलं होतं, मी आतून पाहिलं. आतल्या पापुद्र्याला लाल तंतू सुकून चिकटले होते. बोथट टोकाची हवेची पोकळी ताज्या अंड्यात नखाएवढी असते, इथे ती अंगठ्याएवढी होती. कवचही ताज्या अंड्यासारखं खरखरीत नव्हतं, हाताळून हाताळून येते तशी चकाकी त्यावर होती.

"धाकटे, बाबांनी हे अंडं तुझ्या हातात दिलं होतं ना आधी? कसं लागलं?"

"गरम होतं. बाबा म्हणाले, अंड्यात जीव आहे."

मी तिथेच शेणाच्या पाटीवर बसलो आणि पोट धरून हसलो. त्या गृहस्थाने आयुष्यात एकदा खरं बोलून टाकलं होतं!

तुम्हीही हसाल, पण आमच्या लोकांची चूक समजून घ्या. आमच्याकडे सगळे गायीवाले. अंडी येतात ती दुकानातून, पुठ्ठ्याच्या ट्रेमधून. त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेला नसतो, म्हणून त्या अंड्यांत पिल्लू कधीच धरत नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आमच्याकडे कुणी अंड्यावर बसलेली खुडूक कोंबडी पाहिली नव्हती. अंडं म्हणजे पांढरं आणि पिवळं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पाच दिवस उबवलेलं अंडं फोडलं की त्यात काय दिसतं, हे लहानपणी आईच्या हाताखाली खुराडं झाडलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाच आठवणार. धाकटी जन्मली तोवर ते खुराडं मोडलं होतं. रक्ताच्या शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये काळा ठिपका दिसतो. तो डोळाच असतो. पिल्लाचा.

म्हणून मास्तरांना भोक सापडलं नाही. भोक नव्हतंच. बाबा कोंबडा असलेल्या कुठल्यातरी खुराड्यातली अंडी आणून घोंगडीखाली उबवत होते. लबाडी कवचावर नव्हती, टोपलीतल्या उबेत होती.

रविवारी सकाळी धाकटी गाय घेऊन केंद्रावर आली. ट्रकचं मागचं फळकूट खाली सोडलेलं होतं. मी बगलेत बुटाचं खोकं घेऊन पुढे गेलो. बाबांना वाकून नमस्कार केला.

"बाबा, आमच्या बाईंची अंडी फिकी. तुमच्या अंड्यांत तेज आहे म्हणतात. मला एकदा ते तेज बघू द्या."

"तेज डोळ्यांना दिसत नसतं, मामा. श्रद्धेला दिसतं."

"म्हणूनच तर दिवा आणलाय. माझी श्रद्धा अलीकडे जरा अंधूक झालीय."

लोक हसले. मागून एक बाई ओरडली, "दाखवा की बाबा तेज! आम्हालाही बघायचंय!" मग सगळेच ओरडायला लागले. "तेज! तेज!" भक्तांना नाही म्हणणं बाबांना जड गेलं. विरोधकाला त्यांनी सहज झटकलं असतं. मास्तरांनी केंद्राच्या अंधाऱ्या सामानघराचं दार उघडलं, मी उंबऱ्यावर बसलो, आणि बाबा काही बोलायच्या आत घोंगडी माझ्या हातात होती.

माझ्या खोक्यात बॅटरी असते आणि झाकणाला अंड्याएवढं भोक. रोज सकाळी मी प्रत्येक अंडं त्यावर ठेवून आत बघतो. तडा आहे का, रक्ताचा ठिपका आहे का. माझं नेहमीचंच काम. पहिलं अंडं ठेवलं. नुसता पिवळा उजेड.

"हे स्वच्छ," मी म्हणालो आणि पेन्सिलीने गोल काढला.

दुसरं ठेवलं. उजेडात लाल कोळी दिसला, आणि तो कोळी हलला.

"याला रोग आहे." फुली मारली.

"अजून गायीला लावलंही नाही!" केंद्रातला दूध मोजणारा म्हणाला.

"तेच तर. रोग टोपलीतच लागलाय. बाबा, तुमची टोपली आजारी आहे."

उजव्या बाजूची अंडी गार आणि गोल, डाव्या बाजूची, गरम पाण्याच्या बाटलीला टेकलेली, गरम आणि फुली. दहा फुल्या झाल्या. धाकटी सगळ्यांत पुढे उभी होती. तिने हात लांब करून एक फुलीचं अंडं उचललं.

"बाबा, हे फिरवते मी," ती म्हणाली.

"गायीवरून फिरव," बाबा घाईने म्हणाले.

"गायीवरून तुम्ही फिरवलंत. मी तुमच्या मोटारसायकलवरून फिरवते."

आणि तिने फिरवलं. हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत तीन वेळा, "निघ निघ, कवचात रिघ" म्हणत. मग थाळीत अंडं फोडलं. लाल मुळं, काळा डोळा.

दूध मोजणारा गंभीरपणे म्हणाला, "बाबा, गाडीला हगवण लागलीय. ट्रकमध्ये घाला."

त्या हसण्याने कॅनची झाकणं वाजली म्हणतात. मी ऐकली नाहीत, मीच हसत होतो.

पण बाबा मुरलेले होते. त्यांनी हात वर केले. "माझं अंडं खोटं, मग यांच्या डॉक्टरीणबाईंचं अंडं खरं कशावरून? तिथेही अंडंच आहे! विचारा त्यांना!"

गर्दीने माना मागे वळवल्या. प्रश्न रास्त होता. तोच धाकटीने मला विचारला होता.

डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. तपासा."

मास्तरांच्या अंगात आता जोर आला. भिंतीआड जाऊन त्यांनी सहा सारख्या डब्या भरल्या. दोन आजारी वासरांच्या, तीन धडधाकट वासरांच्या, आणि सहावीत बाबांच्या गाडीच्या चाकाचा चिखल, पाण्यात कालवून. डब्यांवर फक्त आकडे. कोणती कुणाची ते मास्तरांच्या वहीत, आणि वही दूध मोजणाऱ्याच्या खिशात. बाईंनी वजनकाट्यावर कागद मांडले, गाळून थेंब मिसळले.

"एक, नाही. दोन, आहे. तीन, नाही. चार, नाही." पाचव्या कागदावर त्या वाकल्या, पुन्हा डोलवला. "पाच मला सांगता येत नाही. दाणा धरल्यासारखा वाटतो, पण खात्री नाही. पुन्हा नमुना लागेल. सहा, नाही."

वही उघडली. दोन नंबरची डबी आजारी वासराची. एक, तीन आणि चार धडधाकट. सहा चिखल. पाच दुसरं आजारी वासरू होतं, पण त्याच्या डबीत शेणापेक्षा गवताच्या काड्याच जास्त होत्या. पुन्हा नमुना आणला तेव्हा निळ्याचा स्पष्ट रवा झाला.

माझ्या मनात मात्र बरोबर आलेली उत्तरं राहिली नाहीत. 'मला सांगता येत नाही' हे पाच नंबरचं उत्तर राहिलं. बाबांनी आमच्याकडे शंभर अंडी फोडली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

उत्तर सांगायला मागे वळून पाहिलं तर बाबा नव्हते. मोटारसायकल नव्हती. ट्रक मागचं फळकूट तसंच लोंबकळत ठेवून पळाला होता. दोन जणांनी त्याचा नंबर टिपून घेतला आणि गेलेल्या पाच गायींपैकी तीन पोलिसांकरवी शेजारच्या बाजारातून परत मिळाल्या. दोन नाही मिळाल्या. त्या घरांत अजून कुणी अंड्याचं नाव काढलं तर माणसं उठून बाहेर जातात.

धाकटी ठिपकीचा दोर धरून उभी होती.

"दादा, मी चांगली शिकलेली, आणि फसले बघ."

"फसवणारा शिक्षण बघून फसवत नाही, भीती बघून फसवतो. तुला वासराची भीती होती."

टोपली तिथेच राहिली होती. आमच्या बारा कोंबड्यांतली एक महिनाभर खुडूक होऊन बसली होती. पोटाखाली अंडं नाही, नुसती माझी हरवलेली पेन्सिल, तरी उठायला तयार नाही. मी फुलीची उरलेली नऊ अंडी तिच्या पोटाखाली सरकवली. पेन्सिल काढून घेतली तेव्हा तिने मला चोच मारली आणि अंड्यांवर पंख पसरले.

पंधराव्या दिवशी नऊपैकी चार रोग कवच फोडून बाहेर आले. पिवळे, ओले, भुकेले आणि प्रत्येकाला दोन दोन डोळे. मी ते खोक्यात घालून दूध केंद्रावर नेले आणि वजनकाट्यावर सोडले. लोक वाकून वाकून बघत होते.

"याच डोळ्याला घाबरलो होतो होय आपण?" ती तेज मागणारी बाई म्हणाली.

मला भाषण येत नाही. एवढंच सांगतो. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याच्या थाळीत नंतर बघा, टोपलीत आधी बघा. जो आधी बघू देतो, डब्यांवर नुसते आकडे घालू देतो आणि चुकलं तर चुकलं म्हणतो, त्याचं ऐका. जो म्हणतो बघू नका, विश्वास ठेवा, त्याच्या टोपलीत हमखास काहीतरी गरम असतं. आणि हे सगळं आमच्या बाईंनाही लागू, मलाही लागू. आम्हालाही विचारा. मी विचारायला सहा वर्षं घालवली, तुम्ही नका घालवू.

चारांतलं एक पिल्लू धाकटीने मागून नेलं. ते ठिपकीच्या गोठ्यात, त्या धडधाकट झालेल्या वासराच्या पाठीवर बसून झोपायचं. तिने त्याचं नाव 'बाबा' ठेवलंय. मोठं होऊन ती कोंबडी निघाली, आणि रोज एक अंडं देते. साधं. पांढरं आणि पिवळं.